बिनहाराचा फोटो

निघोजे फाट्यावर 'न्यू नवाब फोटो स्टुडिओ' अशी एक पाटी आहे. मग जुना नवाब कुठे, असं कुणी विचारलं की नवाब मुलाणी स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो. स्टुडिओ न्यू, नवाब जुना. आता तर स्टुडिओही न्यू राहिलेला नाही. पाटीवरचं अर्धं 'न' एका पावसाळ्यात गळून पडलं आणि उरलं ते 'यू नवाब'. कंपनीच्या बसमधली पोरं फाटा आला की खिडकीतून "यू नवाब!" अशी आरोळी ठोकतात. नवाब आतूनच हात वर करून सलाम स्वीकारतो.

नावात एवढी सल्तनत असलेला हा माणूस दिसायला मात्र थेट ट्रायपॉडसारखा आहे. उंच, काटकुळा आणि उभा राहिला की कुठल्या तरी एका बाजूला कललेला. त्याची बायको झुलेखा आल्यागेल्याला सांगते, "माझ्या अब्बांना कुणीतरी सांगितलं, मुलगा नवाब आहे. मला वाटलं हत्ती-घोडे असतील. येऊन बघते तर एक स्टूल, एक छत्री आणि एक पांढरा पडदा."

पण हा पांढरा पडदा आणि हे स्टूल म्हणजे चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्याची खरी वेस आहे. कंपनी कुठलीही असो, गेटमधून आत जायचं तर गेटपास लागतो आणि गेटपासला फोटो लागतो. लातूरहून आलेला असो, नांदेडहून आलेला असो नाहीतर बिहारमधून, माणूस आधी नवाबच्या स्टुलावर बसतो आणि मग कामगार होतो. स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट टांगलेला आहे. पाठीमागून तो उसवलेला आहे, पण फोटोला पाठ कुठे लागते? त्या एका कोटात शिरून पट्ट्यातल्या निम्म्या लोकांनी नोकऱ्या धरल्या. सडपातळ माणसाला नवाब मागून चिमटे लावतो, जाड्या माणसाला तो कोट नुसता छातीवर पसरतो आणि सांगतो, "श्वास सोडू नका, कोट पडेल."

आणि मग ते त्याचं ठरलेलं वाक्य येतं.

"हनुवटी वर. डोळे उघडे. हसू नका."

कंपनीच्या कॉम्प्युटरला हसरा माणूस चालत नाही. दात दिसले की फोटो परत. त्यामुळे इतकी वर्षं नवाब सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांना 'हसू नका' असं बजावत आलेला आहे. आता गंमत अशी की नवाब स्वतः जन्मजात हसरा. समोरचा माणूस गंभीर झाला की यालाच फुटतं. हलवायाने दुकानात बसून गिऱ्हाइकाला गोड खाऊ नका म्हणावं, तसा त्याचा धंदा.

म्हणून संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं ओढून नवाब कॅमेरा गळ्यात अडकवतो आणि बाहेर पडतो. हे त्याचं दिवसभराच्या पापाचं प्रायश्चित्त. खोल्यांच्या गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कंपन्यांचे निळे-करडे शर्ट, एकाच दोरीवर दोन कंपन्या शेजारी-शेजारी नांदताहेत. बसच्या खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेला इंजिनिअर. आरिफ मेकॅनिक, जो बंद पडलेल्या टेम्पोशी असा गोडीत बोलतो की त्याची बायको म्हणते, यातलं एक वाक्य कधी घरी आणा. असलं काही दिसलं की नवाबच्या बोटाला खाज सुटते. त्याच्या मते या पट्ट्यात सगळ्यांचे फोटो आहेत, पण सगळे गेटपासवर. एकाही फोटोत माणूस नाही, नुसती हनुवटी आहे.

अडचण एकच. कॅमेरा वर आला रे आला की समोरचा माणूस हातातलं काम टाकून ताठ होतो. हनुवटी वर, डोळे उघडे, चेहरा भिंतीसारखा. चहावाला केटली खाली ठेवून ताठ, न्हावी वस्तरा हवेत धरून ताठ आणि त्याच्यासमोरचं साबण लावलेलं गिऱ्हाईकही ताठ. हे सगळ्यांना शिकवलं कुणी? नवाबनेच! साऱ्या मुलखाला त्याने आपल्या हाताने असं पक्कं करून ठेवलं होतं की त्याचं तोंड दिसलं तरी माणसं हसायची थांबत.

"काय हे अण्णा, जरा नेहमीसारखे बसा ना," नवाब त्या गिऱ्हाइकाला विनवतो.

"नेहमीसारखाच बसलोय. तुझ्याकडं असाच बसतो नेहमी."

बोला आता.

या नादापायी त्याच्या लग्नाच्या ऑर्डरीही सुटल्या. वाकडच्या एका मोठ्या कार्यालयात त्याला बोलावलं होतं. नवरा-नवरी दोघंही आयटीतली, मुहूर्ताला ड्रोन. नवाबने फोटो काढले ते ढोलावर डोकं ठेवून पेंगणाऱ्या बँडवाल्याचे आणि पदराआड तिसरा गुलाबजाम लपवणाऱ्या नवरीच्या आत्याचे. नवरीचा बाप अल्बम बघून म्हणाला, "फोटो झकास आहेत हो, पण लग्न कुणाचं होतं?" आत्या तर अजून नवाबच्या नावाने बोटं मोडते.

झुलेखाने तेव्हा सुनावलं, "शिफाचे अब्बा, नवरीचा फोटो काढायचा असतो."

"नवरीचा काय काढायचा? सकाळपासून तिचा चेहरा कुणीतरी रंगवत होतं. आत्याचा चेहरा तिचा स्वतःचा होता."

"मग आत्याकडूनच पैसे घ्यायचे," म्हणून झुलेखा आत गेली.

आता मंजुळाबाई. निघोज्यातल्या जुन्या घरातल्या. नवरा गेल्यावर त्यांनी ओसरीवर खाणावळ काढली. कंपन्या वाढल्या, ओसरीला पत्रा लागला आणि बघता-बघता अख्खी शिफ्ट तिथे जेवायला लागली. सगळे त्यांना मावशी म्हणतात. जेवण घरच्यासारखं आहे, शिव्याही घरच्यासारख्याच. नवाब दुपारी स्टुडिओ बंद करून तिथे भाकरी खातो. मावशी त्याच्या ताटात भाकरी टाकताना रोज एकच वाक्य म्हणतात, "खा, नवाबा, वाऱ्यानं उडून जाशील."

मावशींचा चेहरा असा होता की तो सोडून बाकी काय फोटो काढायचे, असं नवाबला वाटायचं. पण मावशी फोटो काढू देत नसत. कॅमेरा दिसला की लाटणं. कारण होतं. त्यांच्या नवऱ्याने हौसेने एकदा शहरात जाऊन फेटा बांधून मोठा फोटो काढून आणला, काचेच्या चौकटीत बसवला आणि पुढच्याच महिन्यात त्या फोटोला हार चढला. मावशींचं तेव्हापासून ठाम मत झालं.

"फोटु चांगला आला की लोक हाराच्या तयारीला लागत्यात. मला न्हाई काडायचा. मला अजून लई भाकरी थापायच्यात."

नवाबने वर्षानुवर्षं मनधरणी केली. शेवटी त्याचं नशीब असं उघडलं. लातूरकडचा प्रज्वल नावाचा एक पोरगा तेव्हा मावशींकडे जेवायला होता. त्याने एक दिवस आमटीत पळी फिरवली, परत फिरवली आणि गंभीरपणे विचारलं, "मावशी, ह्या आमटीत डाळ कोणत्या शिफ्टला येते?"

सगळी पंगत श्वास धरून बसली. मावशींनी आधी डोळे वटारले, आणि मग त्यांना जे हसू फुटलं! पिठाचा हात तोंडावर गेला, गालावर पांढरी पाच बोटं उठली, पदर खांद्यावरून सरकला, डोळ्यांतून पाणी आलं आणि मागच्या दोन दातांची रिकामी जागा उघडी पडली. आणि त्याच क्षणी कोपऱ्यातून 'खट्' असा आवाज झाला.

"नवाबा! काडलास का काय?"

नवाबने कॅमेरा पाठीमागे लपवला. चोरी तर पकडलीच गेली होती. तो उठून चुलीपाशी गेला आणि उकिडवा बसला.

"मावशी, अल्लाशप्पथ सांगतो, हा हाराचा फोटो नाही. हा हसण्याचा आहे. ह्याला कधी हार लागू देणार नाही. माझा शब्द."

मावशींनी पदराने गालावरचं पीठ पुसलं. "लागला तर?"

"तर तुमच्या हातची भाकरी बंद."

"ध्यानात ठिव," त्या म्हणाल्या आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

हा शब्द पुढे नवाबच्या गळ्याशी येणार होता. त्याला कारण झाली त्याची मुलगी, शिफा. शिफा नदीपलीकडे तळवड्यात आयटी पार्कमध्ये कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी पुण्यात जाऊन फोटोंची प्रदर्शनं बघते. तिने एकदा बापाने लोकांच्या नकळत टिपलेले सगळे फोटो कॉम्प्युटरवर पाहिले आणि म्हणाली, "अब्बा, हे आत ठेवून काय करताय? भिंतीवर लावा. मोठे करा. आणि ब्लॅक अँड व्हाइट करा, कलात्मक दिसतं. पुण्यात सगळे तसेच लावतात."

पुण्यात लावतात म्हटल्यावर विषय संपला.

भिंत होती ग्रामपंचायतीच्या आवाराची, नवी कोरी, फाट्याला तोंड करून. पण गावाच्या जत्रेच्या दिवसांत तिथे काय लावायचं हे ठरवणार मारुतराव, उत्सव समितीचे अध्यक्ष. मारुतरावांची जमीन कंपनीत गेली आणि त्या बदल्यात त्यांना एक गाडी, एक बंगला आणि सामाजिक कार्याची आवड प्राप्त झाली.

"लाव की," मारुतराव म्हणाले. "आपल्याच माणसांचे फोटो म्हणजे चांगलंच काम हाय. फक्त मधोमध माझा एक लाव. आणि माझा कलरमधी पायजे. गॉगल दिसला पायजे."

"आणि लोकांना आवडले नाहीत तर?"

"तर त्याच दिवशी उतरवायचे. जत्रेत वाद नको."

नवाब फोटो घेऊन कुरुळीला गेला, त्याचा दोस्त बुद्धरत्न कांबळे याच्याकडे. बुद्धरत्नाचा बाप कारखान्यात फिटर होता, स्वतः बुद्धरत्न फ्लेक्स छापतो. पट्ट्यातल्या प्रत्येक चौकात जे चेहरे लटकतात ते त्याच्या मशीनमधून बाहेर पडलेले असतात.

"जय भीम, नवाबभाई! आज इकडे कुठे?"

"जय भीम, रत्ना. एक मोठं काम आहे. एका भिंतीचं."

बुद्धरत्नाने फोटो बघायला सुरुवात केली. एक काळा-पांढरा, दुसरा काळा-पांढरा, तिसराही. त्याचा हसरा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सगळे... असेच?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"एक सोडून. मारुतराव रंगीत."

"खाली काय टाकू?"

"नाव, काम आणि कधीपासून ते कधीपर्यंत. हे बघ, लिहून आणलंय. मंजुळाबाई, खाणावळ, २००१ ते २०२५. आरिफ, मेकॅनिक, २००९ ते २०२५."

आजपर्यंत म्हणजे चालू साल, असा नवाबचा सरळ हिशेब. बुद्धरत्नाने मान खाली घातली, नवाबच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काळजी करू नको राव. नीट करून देतो."

किती हळवा माणूस, नवाबला वाटलं. कला बघून भरून आलं याला.

जत्रेच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला फ्लेक्स आले. बुद्धरत्नाच्या माणसांनी ते अंधार पडता-पडता भिंतीवर ठोकले. दिव्याच्या खांबावरचा दिवा नेहमीप्रमाणे बंद होता. नवाबला सगळे फोटो एका ओळीत दिसले, काळी किनार तेवढी त्याला दिसली नाही. तो घरी गेला आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवरदेव झोपतो तसा झोपला, म्हणजे झोपलाच नाही. डोळा लागला तो पहाटे.

सकाळी झुलेखाने त्याला हलवून उठवलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"शिफाचे अब्बा, उठा. मंजुळाबाई गेल्या."

"कुठे?"

"कुठे काय विचारता? गेल्या. माझ्या बहिणीचा मोशीहून फोन आला. सगळ्या ग्रुपवर श्रद्धांजली चाललीये."

नवाब गादीवर बसून राहिला. कालच दुपारी तर त्या म्हणाल्या होत्या, वाऱ्यानं उडून जाशील. आणि मग त्याला ती भिंत आठवली. फोटो काढला, मोठा केला, भिंतीवर लावला आणि बाई गेली. मावशी सांगत होत्या ते खरंच होतं. आपणच खाल्लं त्यांना. त्याने शर्ट उलटा घातला, स्लीपर दोन वेगवेगळ्या घातल्या आणि फाट्याकडे पळत सुटला. आयुष्यात पहिल्यांदा तो कॅमेरा न घेता घराबाहेर पडला. झुलेखाने तो उचलला आणि ती मागून निघाली, कारण तिच्या मते कॅमेऱ्याशिवाय तिचा नवरा रस्ता ओलांडताना हमखास पडला असता.

भिंतीपाशी गर्दी होती. मावशींच्या फोटोला झेंडूचा हा जाडजूड हार. खाली उदबत्तीचा पुडा, नारळ. पहिल्या शिफ्टच्या बसमधून उतरलेले कामगार टोपी काढून उभे. नवाबचे डोळे भरून आले. त्याने कशीबशी नजर बाजूला वळवली तर शेजारी आरिफ मेकॅनिक. त्यालाही हार. त्याच्या शेजारी न्हावी. त्यालाही.

आणि आरिफच्या फोटोखाली उभा राहून कान खाजवत होता खुद्द आरिफ.

"नवाबभाई," आरिफ म्हणाला, "मी कधी गेलो, काही कल्पना आहे का? सासुरवाडीहून जीप निघालीये."

नवाबने परत भिंतीकडे पाहिलं. काळे-पांढरे चेहरे. काळी किनार. खाली नाव. त्याखाली अमुक साल ते २०२५. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुण्यात काळा-पांढरा फोटो म्हणजे कला असते. चाकण पट्ट्यात काळा-पांढरा फोटो म्हणजे माणूस गेला. चौकाचौकांतल्या फ्लेक्सनी सगळ्या जनतेला हेच शिकवून ठेवलं होतं. रंगीत असेल तर वाढदिवस, काळा-पांढरा असेल तर दहावा.

याला पुरावा मधोमधच होता. गॉगल लावून रंगीत झळकणाऱ्या मारुतरावांच्या फोटोखाली कुणीतरी केक आणून ठेवला होता आणि मारुतराव स्वतः फोनवर बोलत होते. "धन्यवाद, धन्यवाद. असंच प्रेम असू द्या. नाही हो, वाढदिवस खरं तर मार्चमधी असतो. पण तुमी एवढं म्हणताय तर..."

इतक्यात मोटारसायकलवरून बुद्धरत्न आला. हातात पांढरी फुलं.

"रत्ना, हे काय केलंस?" नवाब ओरडला. "काळी किनार कुणी सांगितली?"

"कुणी सांगायला लागते का राव? मला वाटलं बस उलटली. एवढी माणसं एकदम. असल्या वेळी खोदून-खोदून विचारायचं नसतं. मी किनारीचे पैसेसुद्धा लावले नाहीत!"

"सगळे जिवंत आहेत!"

बुद्धरत्नाने फुलं पाठीमागे लपवली. "मग ते कधीपासून, कधीपर्यंत काय लावलं होतंस?"

मावशी जिवंत! नवाब हसला आणि हसता-हसताच थांबला. मावशी जिवंत आहेत आणि त्यांच्या फोटोला हार आहे. त्याने दिलेला शब्द सगळ्या पट्ट्यासमोर झेंडूत गुंडाळून लटकलेला होता. हे त्यांच्या कानावर जायच्या आत हार उतरवायला हवा होता. त्याने हात वर केला, पण फोटो नवाबच्याही हाताच्या वीतभर वर ठोकलेला. स्टूल स्टुडिओत. "अरे, कुणीतरी उचला मला!" तो म्हणाला. पण दुःखात बुडालेल्या माणसांना वाटलं हा बिचारा फोटोला कवटाळतोय. दोघांनी त्याला मागे धरून ठेवलं आणि म्हणाले, "आवरा स्वतःला, नवाबभाई."

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. नवाब सुटका करून घेऊन खाणावळीत पोचला, तर ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. जुनी गिऱ्हाइकं, राजगुरुनगरकडचे भाऊबंद, कोपऱ्यात रडणाऱ्या दोन बाया. आणि मधोमध परातीसमोर बसलेल्या मावशी, हात पिठात.

"आगं पन कोन गेलंय ते तरी सांगा!" त्या ओरडत होत्या. "सकाळधरनं जो येतो तो माझ्या गळ्यात पडतो. पीठ सांडलं माझं!"

"अक्का," भाऊ डोळे पुसत म्हणाला, "तू गेलीस."

"मी? कवा?"

"फाट्यावर लावलंय. हारबीर घालून."

मावशींनी पिठाचे हात झटकले. त्यांची नजर गर्दीतून बरोबर नवाबवर येऊन थांबली. नवाब उलट्या शर्टाची कॉलर सारखी करायला लागला.

"नवाबा. हार लागला व्हय?"

"मावशी, मी नाही घातला."

"मी काय इचारलं? लागला का न्हाई?"

"लागला," नवाब म्हणाला. इतकी वर्षं साऱ्या जगाला हनुवटी वर करायला सांगणाऱ्या माणसाची हनुवटी छातीला टेकली.

"चल. दाव मला."

मग निघोज्याने अशी एक यात्रा पाहिली की तशी आधी कुणी पाहिली नसेल. मागे रडून सुजलेले नातेवाईक, बाया, कामगार, काखेत हार, हातात नारळ. आणि सगळ्यांच्या पुढे, पदर खोचून, खुद्द मयत तरातरा चाललेलं.

फाट्यावर मावशी आल्या तशी गर्दी फाटली. एका कामगाराने तर हात जोडले. मावशी फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि वर बघायला लागल्या. त्यांनी स्वतःला आयुष्यात आरशात बघितलं होतं ते कुंकू लावताना, तेही घाईत. हसताना आरशात कोण बघतं? नवाब बाजूला उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. आपली दुपारची भाकरी आता कायमची गेली, हे त्याने मनाशी धरलं होतं. भाकरीचं एक वेळ चाललं असतं. पण त्या चुलीपाशी आता उकिडवं बसता येणार नव्हतं.

मावशींनी दोन पावलं मागे सरकून परत वर बघितलं.

"ही मी न्हाई," शेवटी त्या म्हणाल्या.

"मावशी, तुम्हीच. ते पीठ बघा गालावर."

"आरं, ही माझी आय हाय." मावशींचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आय आशीच हसायची. तोंडाव हात ठिवून. तिचा एक बी फोटु न्हाई आमच्याकडं. मला वाटलं इसरले मी तिचं तोंड." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि वळून भावाला दरडावलं, "बघ रं, मुडद्या! आय हाय का न्हाई?"

भाऊ बघत राहिला. मग त्यानेही मान हलवली आणि आतापर्यंत खोटं रडत होता तो आता खरं रडायला लागला.

मावशींची नजर हाराकडे गेली.

"ह्यो हार कुनी घातला?"

गर्दीतून एक पोरगा पुढे आला. गळ्यात तळवड्याच्या कंपनीचं ओळखपत्र, डोळे लाल. प्रज्वल. आता त्याची नोकरी बदलली होती, खाणावळ सुटली होती, पण ग्रुपवर बातमी वाचून तो शिफ्ट टाकून आला होता.

"मावशी, मी," तो म्हणाला. "मला वाटलं... शेवटी डाळीवरून बोललो होतो तुम्हाला. माफी मागायची राहिली."

"शिफ्ट टाकून आलास?"

"हो."

"पगार कापतील की रं, येड्या." मावशींनी त्याच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला, आता त्याच्या केसांतही पाच बोटं उमटली. "काड त्यो हार."

प्रज्वल नवाबहूनही उंच, त्याने नुसता हात वर करून हार काढला.

"फोटूला मान न्हाई, बाबा. मान मला हाय." असं म्हणून मावशींनी मान पुढे केली. "हितं घाल. मेल्यावर कशाला? आत्ताच घाल की. मला बी कळू दे कसं वाटतं ते."

प्रज्वलने हार घातला. कुणीतरी एकाने टाळी वाजवली आणि मग सगळ्या फाट्याने. ज्यांनी-ज्यांनी हार आणले होते त्यांची रांग लागली. मावशींच्या गळ्यात एवढा झेंडू झाला की नुसतं कपाळ आणि डोळे दिसायला लागले. आरिफने आपल्या फोटोचा हार प्रज्वलकडून उतरवून घेऊन स्वतःच घातला आणि सासुरवाडीच्या जीपची वाट बघत तो ऐटीत उभा राहिला. न्हाव्याचा हार त्याच्या बायकोने उतरवून घेऊन स्वतःच्या गळ्यात घातला, कारण तिच्या मते त्याच्यापायी झिजली ती.

"मारुतराव," नवाबने भीत-भीत विचारलं, "फोटो आत्ता उतरवू?"

"उतरवतो कशाला? सकाळपासून आमदारांचा बी फोन येऊन गेला!" मारुतराव केकचा तुकडा चघळत म्हणाले. "जत्रा होईपर्यंत ऱ्हाऊ दे. पण मला एकानं बी हार घातला न्हाई, हे बराबर न्हाई."

बुद्धरत्नाला पाठीमागच्या फुलांचं काय करावं हे केव्हाचं कळत नव्हतं. त्याने ती सगळी मारुतरावांच्या हातात दिली.

"शिफाचे अब्बा!" गर्दीच्या कडेने झुलेखा आली. तिने कॅमेरा नवाबच्या गळ्यात अडकवला, त्याचा उलटा शर्ट पाहिला आणि कपाळावर हात मारला. "घ्या. एवढी गर्दी परत जमायची नाही. आणि या वेळी नवरीचा काढा."

नवाबने सगळ्यांना आपापल्या फोटोखाली उभं केलं. भिंतीवर काळे-पांढरे, खाली रंगीत, हारांसकट. मावशी मधोमध, कारण त्यांनी मारुतरावांना कोपराने सरकवलं होतं. नवाबने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बघतो तर काय, सगळ्यांची हनुवटी वर. डोळे उघडे. श्वास रोखलेला. अख्खी ओळ गेटपासला निघालेली.

आणि जन्माच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "हसू नका."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मावशींना फुटलं. त्यांचा हात तोंडावर गेला, प्रज्वलने पोट धरलं, मारुतरावांचा गॉगल घसरला आणि ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हसू असं धावत गेलं की बस थांबवून ड्रायव्हरही हसायला लागला, काय झालं हे माहीत नसताना. नवाबचं बोट थांबतच नव्हतं. त्याला स्वतःलाच इतकं हसू येत होतं की निम्मे फोटो हललेले निघाले. त्याच्या मते तेच चांगले आहेत.

दुपारी तो खाणावळीच्या पायरीपाशी घुटमळला. शब्द तर मोडलाच होता. आत जावं की जाऊ नये?

"आरं ये की," आतून आवाज आला. "हार त्या फोटूला न्हाई, माझ्याच गळ्यात हाय. तुजा शब्द बी हितंच हाय. ये, वाऱ्यानं उडून जाशील."

जत्रा संपल्यावर तो फोटो मावशींनी भिंतीवरून उतरवून घेतला. बुद्धरत्नाने तो काळी किनार काढून नव्याने छापून दिला, खालची सालंही गाळली. आता तो खाणावळीत चुलीच्या वर लावलेला आहे. ओसरीवर आधीपासून एक पाटी होती, 'ताटात अन्न टाकू नये.' तिच्या खाली मावशींनी प्रज्वलकडून आणखी एक लिहून घेतली आहे.

'फोटोला हार घालू नये. मालकीण आत आहे.'